वाहतूक-नियोजन आणि भूविकास : एका कार्यजीवनाचा बोध

वाहतूक-नियोजन व भूविकास हे दोन स्वतंत्र व्यवसाय मानण्याची प्रथा आहे. वस्तुतः मार्ग होताच लगतच्या जमिनीचे मोल वाढते आणि तेथे वस्ती वाढली की मार्गावरील भार वाढतो. हा अन्योन्यसंबंध स्थापत्य-अभियंते शिरीष पटेल यांच्या कार्यात स्पष्ट दिसतो.

त्यांनी रचलेला मुंबईतील केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल १९६५ मध्ये खुला झाला. त्याच वर्षी चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता यांच्यासह त्यांनी ‘मार्ग’ त्रैमासिकातून खाडीपलीकडील नव्या नगराची कल्पना मांडली. पुलाने एका चौकाची कोंडी सुटते. परंतु कचेऱ्या दक्षिण टोकास एकवटल्या असता रोज तिकडे लोटणारा लोकप्रवाह पुलांनी आवरत नाही. त्यासाठी कचेऱ्यांचेच स्थान बदलावे लागते.

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली व आरंभीच्या काळात नियोजनाची धुरा पटेलांकडे आली. शासनाने जमीन संपादावी व तिच्या विक्रीतून नगराच्या सोयी उभाराव्यात, हे सूत्र होते. वाशीच्या लोहमार्गाचा सुमारे दोन-तृतीयांश खर्च सिडकोनेच उचलला. परंतु गाडी तेथे पोचावयास १९९२ साल उजाडले, आणि मंत्रालय मुंबईतच राहिले. सारांश, या क्षेत्रात उतरणाऱ्या विद्यार्थ्यास मार्गाच्या आखणीइतकेच जमिनीचे अर्थकारण व शासनाचा निर्णयक्रमही अभ्यासावा लागतो.