नांगराची साखळी धरणारी डेकवरील साधने

नांगर टाकला म्हणजे तोच जहाजाला धरून ठेवतो, असा सामान्य समज आहे. वस्तुतः नांगर समुद्रतळाला धरतो. जहाजाला धरण्याचे काम नाळेकडील डेकवर बसविलेल्या साधनांचे असते. वारा व प्रवाह यांमुळे उत्पन्न होणारा ताण साखळीतून वर येतो व अखेरीस तो जहाजाच्या सांगाड्यात उतरावा लागतो. तो कोणत्या मार्गाने उतरावा, हा ह्या साधनांच्या रचनेतील मूळ प्रश्न होय.

शिडांच्या जहाजांवर नांगराला तंतूंचा जाड दोर असे. १७६५ साली चॅटम येथे जलावतरण झालेल्या व आज पोर्ट्‌समथ येथे जतन केलेल्या ‘व्हिक्टरी’ ह्या ब्रिटिश युद्धनौकेवरील दोराचा परिघ सुमारे २४ इंच होता. इतका जाड दोर कॅप्स्टन ह्या उभ्या रहाटाला गुंडाळता येत नसे. म्हणून कॅप्स्टनवर एक बारीक अखंड दोर फिरवीत आणि मुख्य दोर त्याला तात्पुरता बांधून आत ओढून घेत. जहाज नांगरावर उभे असताना मात्र मुख्य दोराला ‘बिट’ नावाच्या भक्कम लाकडी खांबांभोवती वेढा देत. हे खांब डेकखालील तुळयांना जखडलेले असल्याने ताण थेट सांगाड्याकडे जाई. ओढणे व धरणे ही दोन कामे त्या काळीही भिन्न साधनांकडे होती.

१८०८ साली सॅम्युएल ब्राउन ह्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने लोखंडी साखळीचे पेटंट घेतले. १८१३ साली टॉमस ब्रंटन याने कडीच्या मध्यभागी आडवा दांडा बसविण्याचे पेटंट मिळविले. ह्या दांड्यामुळे कडी ताणाखाली चेपत नाही व साखळीत गुंताही कमी होतो. साखळी दोराप्रमाणे कुजत नाही. शिवाय पाण्यात स्वतःच्या भाराने झोळ घेऊन ती लाटांचे हिसके सोसते. तथापि तिला अडविण्यास निराळे साधन हवे होते. ते म्हणजे चेन-स्टॉपर.

साखळीत एक कडी आडवी व पुढची उभी असते. स्टॉपरचा जाड पोलादी दांडा आडव्या कडीवर खाली पाडला की लगतची उभी कडी त्याला टेकून अडते आणि ताण डेकखालील बळकट केलेल्या भागात जातो. साखळी ओढून घेणाऱ्या विंडलास यंत्राला आणि त्याच्या ब्रेकला मग तो भार वाहावा लागत नाही. दोन बोटांचा ‘सैतानी पंजा’ मात्र सागरप्रवासात उचललेला नांगर घट्ट बांधून ठेवण्यासाठी असतो. नांगरलेल्या जहाजाचा ताण त्याच्यावर सोपविणे धोक्याचे होय.

वर्गीकरण संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत हाच भेद आकड्यांनी व्यक्त झाला आहे. स्टॉपर असल्यास विंडलासच्या ब्रेकने साखळीच्या भंगभाराच्या ४५ टक्के भार धरला तरी चालतो व स्टॉपरने ८० टक्के धरावा लागतो. स्टॉपर नसल्यास ब्रेकनेच ८० टक्के धरावा लागतो.

साखळीचे आतले टोक साखळीच्या कोठारात जखडलेले असले, तरी ते कोठाराबाहेरून चटकन सोडविता येईल अशी योजना करतात. जहाज संकटात असता नांगर व साखळी यांचा त्याग करूनच ते वाचविता येण्याचा प्रसंग येतो. धरण्याइतकेच वेळेवर सोडणे हेही ह्या साधनांचे कार्य आहे.