गाडीची शाकारणी

मृग नक्षत्र जवळ आले की आपण काय करतो? घराच्या कौलांवर चढतो. फुटके कौल काढतो, नवे बसवतो. सरकलेले नीट करतो. याला आपण शाकारणी म्हणतो. शाकारणी राहिली, तर पहिल्याच पावसात घरभर पातेली मांडावी लागतात. हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको.

मग गाडीला शाकारणी नको का? गाडीलाही छप्पर असते. त्याला आपण टप म्हणतो. टपावर सामान ठेवायचे कॅरियर असेल, तर त्या गाडीला शाकारणी हवीच हवी. ती का करायची आणि कशी करायची, ते आम्ही या धड्यात सांगणार आहोत.

टपावरचे ओझे

आमची विठ्ठलवाडी कल्याणला लागूनच आहे. कल्याण सोडून कर्जतच्या वाटेला लागले, की रेल्वेचे पहिले स्टेशन विठ्ठलवाडी. इथे एस. टी. चे आगारही आहे. आपल्या राज्यात एस. टी. ची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे ते नगर अशी धावली. पुढे कितीतरी वर्षे एस. टी. च्या टपावर कॅरियर असे आणि मागे लोखंडी शिडी असे. ट्रंका, वळकट्या, पोती, सगळे टपावर चढे. आता पुष्कळ गाड्यांत सामानाला पोटातच जागा असते.

पण खेड्यापाड्यांतून येणाऱ्या जीपगाड्यांचे कॅरियर काही गेलेले नाही. भाजीच्या पाट्या, भाताची पोती, सुक्या मासळीच्या टोपल्या, लग्नाचे सामान, सगळे टपावरूनच जाते. अशी गाडी पुष्कळदा कर्ज काढून घेतलेली असते. ती उभी राहिली, तर घरची चूल अडते. बँकेचा हप्ता मात्र अडत नाही. म्हणून टपाची काळजी ही पोटाची काळजी आहे.

भोक कुठे असते?

कारखान्यातून आलेले कॅरियर टपावर नुसते ठेवलेले नसते. त्याला पाय असतात. पुष्कळ गाड्यांत प्रत्येक पायाखाली टपाच्या पत्र्याला भोक असते. त्यातून बोल्ट आत जातो आणि नटात घट्ट बसतो. पाय आणि पत्रा यांच्यामध्ये रबराची चकती असते. पाणी अडवायचे काम त्या चकतीचे.

आता आपल्या पत्र्याच्या घराकडे पाहा. नळीदार पत्रा ठोकताना शहाणा सुतार खिळा कुठे मारतो? उंचवट्यावर. खळग्यात मारत नाही. कारण पाणी खळग्यातून वाहते. खिळ्याखाली तो वायसरही घालतो. म्हणजे भोक पाडले की दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पाणी तिथे थांबू नये आणि तिथून आत जाऊ नये.

गाडीच्या टपाचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. ऊन लागले की रबर वाळते, कडक होते, त्याला भेगा पडतात. वर ओझे असते. गाडी माळशेज घाटाची वळणे घेते, तेव्हा ते ओझे डावी-उजवीकडे ओढते. कॅरियरचा पाय केसभर हलतो. एवढी फट पाण्याला पुरे होते. धूळ आणि पालापाचोळा पायाखाली साचतो. तो ओला बोळ्यासारखा पाणी धरून ठेवतो. पाऊस थांबला, टप वाळला, तरी पायाखाली ओल तशीच राहते.

गंज कसा चढतो?

लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की गंज चढतो. एकट्या पाण्याने किंवा एकट्या कोरड्या हवेने चढत नाही. हे घरी करून पाहा.

तीन बाटल्या घ्या. तीन नवे खिळे घ्या. पहिल्या बाटलीत थोडे साधे पाणी घाला. खिळा अर्धा पाण्यात, अर्धा वर राहू द्या. दुसऱ्या बाटलीत उकळून गार केलेले पाणी काठोकाठ घाला. खिळा पूर्ण बुडवा आणि वर गोडेतेलाचा थर द्या. तिसऱ्या बाटलीत भाजून कोरडे केलेले तांदूळ घाला. त्यात खिळा पुरून बूच घट्ट लावा. आठ दिवसांनी पाहा. पहिला खिळा तांबडा झालेला दिसेल. बाकीचे दोन जवळजवळ तसेच असतील. दुसऱ्या बाटलीत पाणी होते, पण हवा नव्हती. तिसरीत हवा होती, पण ओल नव्हती.

गाडीचा रंग पाणी आणि हवा या दोघांनाही बाहेर ठेवतो. पण भोकाच्या कडेचा रंग उडाला की लोखंड उघडे पडते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून तो फुगतो आणि शेजारचा रंग उचलतो. रंगाला फोड आला की समजावे, खाली गंज धरला आहे. वरून फोड वाटाण्याएवढा दिसतो. खाली गंज त्याहून पुष्कळ लांब पसरलेला असू शकतो.

मिठाने गंज लवकर चढतो. खाऱ्या मासळीच्या टोपलीतून पाणी गळले आणि टप धुतला नाही, तर ते पाणी पायाखाली जाऊन बसते. कारखान्यांच्या धुरानेही तेच होते. आमच्याकडे अंबरनाथ-डोंबिवलीला रसायनांचे कारखाने पुष्कळ. अशा भागात जास्तच जपावे लागते.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

गाडीत पाणी ठिबकते एका जागी आणि भोक असते दुसऱ्याच जागी. हे फार जणांना ठाऊक नसते. पाणी भोकातून आत येते. मग ते टपाच्या पत्र्याच्या पोटाने किंवा आतल्या कापडावरून वाट काढते आणि उतार मिळेल तिकडे जाते. कॅरियरचा मागचा पाय गळत असला, तरी गाडी उताराला उभी असेल तर पाणी ड्रायव्हरच्या डोक्यावर पडते. कधी ते खांबाच्या पोकळीतून खाली उतरते आणि पायाखालची चटई ओली करते. मालक काच बदलतो, दाराचे रबर बदलतो, पैसे घालवतो. गळती तशीच राहते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होते.

म्हणून आधी जागा शोधावी. त्याला दोन माणसे लागतात. गाडी सपाट जागी उभी करा. आतले छताचे कापड जिथे सोडवता येते, तिथे हलकेच सोडवा. एकाने बॅटरी घेऊन आत बसावे. दुसऱ्याने तांब्याने हळूहळू पाणी ओतावे. सगळ्या टपावर एकदम ओतू नये. एका वेळी एकाच पायाशी ओतावे. आधी उताराकडचे पाय पाहावे, मग वरचे. प्रत्येक पायाशी पाच-दहा मिनिटे ओतावे. आतल्या बोल्टाभोवती फळ्याचा खडू फासून ठेवला, तर ओल लगेच दिसते. पाणी शिरले की खडूचा पांढरा रंग काळपट होतो.

दुरुस्ती कशी करावी?

दुरुस्ती कोरड्या दिवसांत करावी. वैशाखाचे ऊन त्याला उत्तम.

पहिले काम, कॅरियर उतरवणे. बोल्ट गंजून अडकला असेल, तर पान्ह्याने जोर लावू नका. बोल्ट तुटेल, किंवा आतला नट पत्र्यासकट फिरेल. गंज सोडवणारे तेल सोडा आणि रात्रभर थांबा. घाई केली की चार आण्याचे काम चार रुपयांवर जाते.

दुसरे काम, गंज काढणे. पॉलिश पेपरने घासा. चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. गंजावर रंग मारणे म्हणजे पू न काढता जखम बांधणे. आत नासत जाते आणि बाहेरून चांगले दिसते. पत्रा जाळीसारखा झाला असेल, तर पुट्टी थापू नका. पत्रेवाल्याकडून तेवढा तुकडा कापून नवा जोडून घ्या.

तिसरे काम, रंग. घासल्यावरचा लोखंडाचा कीस पुसून काढा. त्यालाही गंज चढतो. जागा कोरडी करा. आधी लोखंडाचा प्रायमर लावा. तो वाळला की रंगाचे दोन हात द्या. भोकाच्या आतल्या कडेला ब्रशने रंग पोचलाच पाहिजे. बहुतेक गळती तिथूनच सुरू होते.

चौथे काम, नवे रबर आणि सीलंट. जुनी चकती पुन्हा घालू नका. ती स्वस्त असते आणि पत्रा महाग असतो. भोकाभोवती सीलंटचे पूर्ण कडे घाला. सिलिकॉन घ्यायचे तर नळीवर काय लिहिले आहे, ते वाचा. तुम्हाला आता वाचता येते, त्याचा उपयोग इथे आहे. इंग्रजी अक्षरे असली, तर दुकानदाराकडून वाचून घ्या आणि ‘न्यूट्रल’ जातीचे मागा. ज्या सिलिकॉनला शिरक्यासारखा आंबूस वास येतो, ते वाळताना आम्ल सोडते. ते उघड्या लोखंडाला बाधते. दगडासारखा कडक होणारा लेपही नको. कॅरियर हलले की त्याला तडा जातो. लेप रबरासारखा लवचीक राहणारा हवा.

पाचवे काम, बोल्ट आवळणे. बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेला किंवा स्टेनलेस घ्यावा. बेताने आवळावा. फार आवळला तर रबर बाहेर येते आणि पातळ पत्रा बशीसारखा दबतो. त्या बशीत पाणी साचते. सीलंट पुरते वाळल्यावर पुन्हा तांब्याने पाणी ओतून पाहा.

ओझे किती, आणि माणसे?

कॅरियरवर किती वजन चालते, ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते. पुष्कळ लहान गाड्यांत ते 50 ते 75 किलोच असते. म्हणजे तांदळाचे एक पोते आणि वर थोडेसे. जास्त ओझ्याने पाय हलतात, रबर फाटते आणि गळती सुरू होते. गंजलेला पाय घाटाच्या वळणावर सुटला, तर ओझे मागच्या मोटरसायकलवाल्याच्या अंगावर जाते. मग प्रश्न पत्र्याचा राहत नाही, जिवाचा होतो.

टपावर माणूस तर मुळीच बसवू नये. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 123 प्रमाणे टपावर बसून जायला मनाई आहे. बसणारा दोषी आणि बसू देणारा ड्रायव्हरही दोषी.

रोजची काळजी

टपावर ओली पोती, गोणपाट पडू देऊ नका. मासळी किंवा मिठाचे पोते नेले, तर त्याच दिवशी टप गोड्या पाण्याने धुवा. पायाखालचा पाचोळा जुन्या ब्रशने काढा. टपाच्या कडेला पन्हाळ असते, ती मोकळी ठेवा. कॅरियरला नवे भोक पाडायचा मोह टाळा. वर्षातून दोनदा प्रत्येक पाय हाताने हलवून पाहा. एकदा मृगाच्या आधी, एकदा दिवाळीनंतर.

विठ्ठलवाडी-कल्याणकडे पावसाळ्यात साधारण शंभर इंच पाऊस पडतो. एवढ्या पाण्याला एका फटीची वाट पुरते. ती फट उन्हाळ्यातच बुजवली, तर एक दिवस आणि एक रबर एवढ्यात काम भागते. पावसाळ्यावर टाकली, तर टप बदलायची पाळी येते. कौलांना आपण जे करतो, तेच टपाला करायचे आहे.

विचार करा आणि सांगा

1. तिन्ही बाटल्यांतील कोणत्या खिळ्याला गंज चढला? का?
2. पाणी ठिबकते तिथेच भोक असते का?
3. गंजावर नुसता रंग का मारू नये?
4. तुमच्या गावातल्या एका गाडीचे कॅरियर पाहा. त्याच्या पायांची स्थिती चार ओळींत लिहा.