जुनी फौजी रायफल : संग्रह आणि नेमबाजी

एखाद्या पोलिस चौकीवरून जातां जातां शिपायाच्या खांद्यावरील तपकिरी लाकडाची लांब बंदूक आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. २००८ च्या नोव्हेंबरांत मुंबईच्या छत्रपति शिवाजी टर्मिनसवर हल्लेखोर शिरले, त्या रात्रीं तेथील कांहीं शिपायांच्या हातांत तीच होती. तिचें लोकांच्या तोंडचें नांव थ्री-नॉट-थ्री. तिचा आराखडा १९०७ सालचा. म्हणजे त्या रात्रीं तिनें शंभरी ओलांडली होती. शस्त्र म्हणून जी इतकी मागें पडली, तीच रायफल हौसेनें विकत घेणारे, तिच्यावरील एकेक अक्षर भिंगानें वाचणारे आणि सुटीच्या दिवशीं मैदानावर नेऊन तिचे बार काढणारे लोक इंग्लंड, अमेरिका, कॅनडा या देशांत पुष्कळ आहेत. त्यांच्या या छंदाविषयीं आज बोलावयाचें आहे.

हा छंद आपल्याकडे कां रुजला नाहीं, याचें कारण सरळ आहे. ३०३ हें नळीचें माप आपल्या कायद्यानें सामान्य नागरिकास निषिद्ध ठरविलें आहे. म्हणूनच बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यानें याच रायफलीच्या सांगाड्यावर ३१५ बोअरची शिकारी रायफल काढली. पश्चिमेकडे मात्र दोन महायुद्धें संपल्यावर लष्करास नकोशा झालेल्या लाखों रायफली व्यापाऱ्यांच्या वखारींत येऊन पडल्या आणि मातीमोलानें विकल्या गेल्या. अमेरिकेंत त्या टपालानें घरपोंच मिळत. १९६३ सालीं राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा प्राण घेणारी रायफल अशीच टपालानें मागविलेली जुनी इटालियन फौजी रायफल होती. १९६८ च्या कायद्यानें हा टपालाचा व्यापार बंद पडला. आज तेथें पन्नास वर्षांहून जुन्या शस्त्रांना संग्राह्य वस्तु मानून संग्राहकांस निराळा परवाना दिला जातो.

आपल्या रायफलीचें खरें नांव ली-एन्फील्ड. जेम्स पॅरिस ली हा स्कॉटलंडांत जन्मलेला आणि उत्तर अमेरिकेंत वाढलेला यंत्रकुशल गृहस्थ. बोल्ट व मॅगझिन यांची रचना त्याची. एन्फील्ड हें लंडनच्या उत्तरेचें गांव. नळीच्या आंतील पीळदार खांचा तेथील सरकारी कारखान्याच्या. बोल्ट म्हणजे नळीचें मागील दार बंद करणारा पोलादी दांडा. तो इतका सुळसुळीत चाले कीं, १९१४ पूर्वीच्या ब्रिटिश पायदळांत ३०० यार्डांवरील लक्ष्यावर एका मिनिटांत १५ बार ही शिपायाची कसोटी असे.

संग्राहकाचें सारें सुख या रायफलीच्या अंगावरील अक्षरांत आहे. लाकडी दस्ता जेथें लोखंडास मिळतो, तेथें उजव्या बाजूस एक पोलादी कडें दिसतें. त्यावर मुगुट, मुगुटाखालीं राजाचीं आद्याक्षरें, कारखान्याचें नांव आणि साल कोरलेलें असतें. इंग्लंडांत घडलेल्या रायफलीवर पंचम जॉर्जचें ‘जी. आर.’, तीच ईशापुरास घडली असेल तर ‘जी. आर. आय.’. हा शेवटचा ‘आय’ म्हणजे ‘सम्राट्’. जो इंग्लंडांत नुसता राजा, तो हिंदुस्थानांत सम्राट् होता! प्रजासत्ताक आल्यावर मुगुट जाऊन त्या जागीं अशोकस्तंभाचे सिंह आले. तीन या आंकड्यापुढें एक चांदणी असेल, तर समजावें कीं ही पहिल्या महायुद्धाच्या घाईंतील सोपी केलेली आवृत्ति. दूर पल्ल्याच्या सांघिक गोळीबारासाठीं बाजूस जोडलेली नेमपट्टी तींतून गाळली आहे. एवढ्याशा जागेंत इतका इतिहास मावलेला मीं दुसऱ्या कोणत्याहि यंत्रावर पाहिलेला नाहीं.

कांहीं रायफलींच्या पुढील लाकडाभोंवतीं तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली असते. नवखा तिला शोभा समजतो, नाहीं तर मोडक्या लाकडाची डागडुजी. वस्तुतः हातबाँब फेंकण्यासाठीं राखून ठेवलेली ती रायफल होय. बाँबच्या धक्क्यानें लाकूड फुटूं नये, म्हणून ती तार. अशा रायफलीनें किती हिसके सोसले असतील याचा हिशेब कोणाजवळ नसतो. तिला भिंतीवर ठेवावें हेंच बरें. आणि नवख्याचा दुसरा अपराध म्हणजे कांचकागद. काळवंडलेला दस्ता घांसून चकचकीत करण्याचा मोह त्यास आवरत नाहीं. त्या घांसण्यांत तपासनिसांचे शिक्के, पलटणींचे आंकडे सारे पुसून जातात. घरांतील जुनें तांब्याचें भांडें घांसावें, जुनी रायफल घांसूं नये.

आतां बार काढण्याची गोष्ट. येथें हौशीचा डोळा पणास लागतो, आणि हें अतिशयोक्तीनें बोलत नाहीं. ३०३ च्या काडतुसाच्या बुडास एक कड असते. ती कड नळीची मागील बाजू आणि बोल्टाचें तोंड यांच्यामध्यें बसते. या बैठकीची जागा ०·०६४ इंचाहून कमी नसावी आणि ०·०७४ इंचाहून अधिक नसावी. दोहोंमधील फरक इंचाचा शंभरावा भाग, म्हणजे पाव मिलिमीटर! जागा याहून वाढली, तर बार होतांच पितळी काडतूस मागें ताणलें जाऊन बुडाजवळ तुटूं शकतें आणि धगधगता वायु नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येतो. बोल्टावरील आंकडा आणि सांगाड्यावरील आंकडा एकच असावा, असा जाणते लोक आग्रह धरतात तो केवळ किंमतीसाठीं नव्हे. वखारींत बोल्टांचा ढीग निराळा, रायफलींचा निराळा. ज्याचा बोल्ट त्यासच मिळाला असेल याची खात्री काय? म्हणून मापाची पोलादी तबकडी घालून कारागिराकडून ही बैठक तपासून घेतल्यावांचून पहिलें काडतूस भरूं नये. शिवाय ईशापुरानें १९६० नंतरच्या दशकांत अगदीं अशाच रूपाची, परंतु ७·६२ मिलिमीटरची रायफल काढली. तिचें मॅगझिन अधिक चौकोनी, बारा काडतुसांचें. दोहोंचीं काडतुसें निराळीं आहेत.

काडतुसेंहि पुष्कळदां जुनीं फौजीच असतात. बूड पाहिलें कीं जन्मगांव कळतें. ‘के. एफ.’ हीं अक्षरें आढळलीं तर तें काडतूस आपल्या पुण्याजवळील खडकीचें. तेथील कारखाना १८६९ सालचा. चाप ओढूनहि जुनें काडतूस कधीं कधीं उडत नाहीं. अशा वेळीं बोल्ट लगेच उघडूं नये. नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावें, कारण दारू उशिरानेंहि पेट घेते.

या जुन्या काडतुसांच्या टोपींत बहुधा पोटॅशियम क्लोरेट असे. तें जळालें म्हणजे नळींत पोटॅशियम क्लोराइड उरतें. तें आपल्या मिठाचेंच भावंड. मीठ हवेंतील ओल ओढतें, आणि ओल व पोलाद एकत्र आलीं कीं गंज ठरलेला. मुंबईसारख्या हवेंत तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागत नाहीं. नवखा हौशी मोठ्या प्रेमानें नळींत तेल घालतो. परंतु मीठ तेलांत विरघळत नाहीं. तेल वर, मीठ खालीं, आणि त्याखालीं पोलाद खाल्लें जात राहतें. मीठ धुण्यास पाणीच पाहिजे. ब्रिटिश सैन्यांत यासाठीं खास नाळकें असे. त्यांतून उकळतें पाणी नळीच्या मागील तोंडानें ओतीत. उकळतें अशासाठीं कीं, नळी तापून आपोआप लवकर सुकते. मग चिंध्यांचा बोळा फिरवावा, तो कोरडा व पांढरा येईपर्यंत. आणि मगच तेल. हें सारें त्याच संध्याकाळीं, जेवावयास बसण्यापूर्वीं.