इतिहासकाराचा प्रश्न आणि पुराव्याचे उत्तर

इतिहासकार भूतकाळाला जे प्रश्न विचारतो ते त्याच्या स्वतःच्या काळाचे असतात. उत्तर मात्र पुराव्यानेच द्यावयाचे असते. शिवकालाच्या मराठी चिकित्सेवरून हे स्पष्ट होते. १८६९ साली जोतीराव फुले यांनी पवाडा रचून शिवाजीमहाराजांना शेतकऱ्यांचा राजा म्हणून पुढे आणले. शूद्रातिशूद्रांच्या दास्याचा प्रश्न त्यांच्यासमोर होता. समाजसुधारणेच्या चळवळीत आयुष्य वेचलेल्या न्या. रानड्यांनी १९०० सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात स्वराज्याची पूर्वपीठिका नाना जातींच्या संतांच्या कार्यात शोधली. राजवाड्यांना संतांचा सहिष्णु धर्म अपुरा वाटला; त्यांनी श्रेय दिले ते रामदासांच्या जयिष्णु महाराष्ट्रधर्माला. पारतंत्र्यातील मनाला जयिष्णुता का हवी होती, हे निराळे सांगावयास नको.

कालखंड एकच असून प्रश्न तीन झाले, एवढ्यावरून कोणी खोटा ठरत नाही. परंतु तिघांच्याही उत्तरांना अस्सल कागदपत्रांच्या कसोटीस उतरावे लागते. आणि त्या कसोटीची साधने १८९८ पासून खंडामागून खंड प्रसिद्ध करणारे राजवाडेही तिच्यातून सुटत नाहीत. वर्तमानाने प्रश्न द्यावा. तेच उत्तरही देऊ लागले, की इतिहास हा आपल्याच आवाजाचा प्रतिध्वनी होतो, आणि त्यातून जातीचा वा सत्तेचा कोणताही प्रश्न उलगडत नाही.