घरचं वर्कशॉप, भाग ६ : आधी बेडचा पीळ काढा

मागच्या आठवड्यात लेथ खोक्यातून निघाला, बेडवरचा चिकट गंजरोधक थर डिझेलने पुसून झाला आणि मशीन स्टँडवर चढलं. एवढं झालं की हात थेट स्टार्टरकडे जातो. साहजिक आहे, नवं मशीन समोर असताना कुणाला धीर धरवतो! पण एक काम राहिलं आहे, आणि पुढची कैक वर्षं या मशीनवर जे जे टर्न कराल त्याचा नेमकेपणा त्यावर अवलंबून आहे. बेडमधला पीळ काढायचा आहे.

मशीनच्या कागदपत्रांत बहुधा एक टेस्ट चार्ट असतो. स्पिंडलचा रनआउट किती, कॅरेजच्या चालीत फरक किती, असे आकडे त्यावर असतात. अशा चाचण्यांची पद्धतशीर मांडणी बर्लिनचे प्राध्यापक गेओर्ग श्लेसिंगर यांनी १९२७ मध्ये पुस्तकरूपाने केली, आणि आजचे चार्टही त्याच वळणाचे असतात. हे आकडे घेतले जातात ते कारखान्यात, मशीन लेव्हल करून. टेम्पोतून उतरवून तुमच्या खोलीत ठेवलेल्या लेथला ते आपोआप लागू होत नाहीत.

बिडाचा एवढा जाडजूड बेड पिळला कसा जाईल, असं वाटतं. पण जातो, आणि त्याला फार जोरही लागत नाही. बाजेचा एक पाय आखूड असला की बाज डुगडुगते आणि आपल्याला लगेच कळतं. लेथ डुगडुगत नाही, कारण त्याचा अधांतरी पाय आपण बोल्ट आवळून खाली ओढतो. जमीन काही वर येत नाही, म्हणून बेडच पिळला जातो. हेडस्टॉककडचं टोक एका पातळीत राहतं, टेलस्टॉककडचं किंचित कलतं. डोळ्याला काही दिसत नाही. टूल मात्र बेडवरून सरकताना जॉबच्या जवळ तरी येतं किंवा लांब तरी जातं, आणि सरळ हवा तो रॉड निमुळता होतो.

हिशेब करून पाहा. सेंटरची उंची १५० मिमी धरली आणि दोन जागांमधला पीळ मीटरला ०.०२ मिमी असला, तर टूलचं टोक साधारण ०.००३ मिमी सरकतं. व्यासात फरक दुप्पट, म्हणजे ०.००६ मिमी. घरच्या कामाला हे चालून जाईल. पण घाईत बसवलेल्या मशीनमध्ये पीळ याच्या दहापटही असू शकतो. मग व्यासात ०.०६ मिमीचा फरक पडतो, आणि अशा शाफ्टवर एका टोकाची बेअरिंग ठोकून बसवावी लागते, तर दुसऱ्या टोकाची हातानेच घरंगळते.

म्हणून सुरुवात जमिनीपासून करा. आपल्याकडे टाइल असो की शहाबादी, खाली वाळू-सिमेंटचा थर असतो आणि तो सगळीकडे भरलेला असेलच असं नाही. नाण्याने फरशी वाजवत जा. पोकळ आवाज येईल तिथे मशीनचा पाय नको. तळमजला असेल आणि जागा कायमची असेल, तर पायांखालच्या फरश्या काढून काँक्रीट ओतून घ्या आणि त्याला २८ दिवस द्या. वरच्या मजल्यावर भिंतीलगत, बीमच्या जवळची जागा धरा, कारण खोलीच्या मधोमध स्लॅब जास्त लवतो. रबरी पॅड घातले की लेव्हलची कटकट मिटते, असं दुकानात सांगतात. त्याने आवाज आणि कंप कमी होतो, पण पीळ निघत नाही. पॅड घ्यायचेच तर उंची कमी-जास्त करायचा स्क्रू असलेले घ्या.

लेव्हल गवंड्याची चालणार नाही. मीटरला ०.०२ मिमी दाखवणारी मशिनिस्टची लेव्हल हवी. ती रोज लागत नाही, तेव्हा विकत घेण्यापेक्षा ओळखीच्या टूलरूममधून दोन दिवसांसाठी मागून आणा. चारही बोल्ट ढिले असू द्या. कॅरेज चकजवळ आणा, क्रॉस-स्लाइडवर लेव्हल आडवी ठेवा आणि हात मागे घ्या. बुडबुडा लगेच थांबत नाही, सरपटत जागेवर येतो. अर्धं-एक मिनिट जाऊ द्या. नळीला बोटांची ऊब लागली तरी रीडिंग बदलतं. शेजारून कुणी चालत गेलं की बुडबुडा हलून परत येतो, आणि त्यावरून फरशी किती लवते ते कळतं. तो परत आलाच नाही, तर एखादा पाय नीट टेकलेला नाही असं समजा.

बुडबुडा मधोमध आणण्याचा हट्ट नको. जहाजांच्या इंजिनरूममध्येही लेथ चालतात, आणि तिथे पातळी क्षणभर स्थिर नसते. आपल्याला एवढंच हवं आहे की चकजवळ जे रीडिंग, तेच टेलस्टॉकच्या टोकाला. लेव्हल उलटीसुलटी न करता एकाच दिशेने ठेवली, तर तिचा स्वतःचा दोष दोन्ही रीडिंगमध्ये सारखाच येतो आणि त्याने काही बिघडत नाही. फरक आला तर टेलस्टॉककडच्या खालच्या पायाखाली शिम सरकवा, ०.०५ मिमीपासून सुरुवात करा. मग लेव्हल जागेवर ठेवूनच एकेक बोल्ट आवळा. आवळताना बुडबुडा पळाला, तर त्या पायाखाली अजून पोकळी आहे.

हरिहरला १९४१ मध्ये सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करच्या लेथवर आपल्याकडचे कित्येक टर्नर शिकले. त्यांच्या हाती मशीन आलं ते फाउंडेशनवर बसलेलं. त्यामुळे वर्षानुवर्षं लेथ चालवलेल्या माणसालाही हे काम नवं असू शकतं. पण ते अवघड नाही, वेळखाऊ आहे.

लेव्हल जुळली तरी शेवटी टर्न करूनच बघायचं. ४० मिमीचा रॉड चकमध्ये घट्ट धरा, साधारण १५० मिमी बाहेर ठेवा. टेलस्टॉकचा आधार देऊ नका. मधला भाग थोडा उतरवून दोन टोकांना दोन कॉलर राखा. स्पिंडल अर्धा तास फिरवून हेडस्टॉक कोमट होऊ द्या. टूलला ताजी धार करा, कट अगदी हलका घ्या आणि क्रॉस-स्लाइडच्या हँडलला हात न लावता दोन्ही कॉलर एकाच पासमध्ये काढा. कट जड घेतला तर रॉडच वाकतो आणि दोष बेडच्या माथी येतो. आता मायक्रोमीटर लावा. टेलस्टॉककडची कॉलर जाड आली, तर त्या टोकाचा पुढचा पाय, म्हणजे आपण उभे राहतो त्या बाजूचा, किंचित उचला. बेडचं ते टोक मागे कलतं आणि टूल जॉबकडे सरकतं. कॉलर बारीक आली, तर मागचा पाय उचला.

टेपर दिसला की हेडस्टॉकचे बोल्ट सोडून तोच फिरवायचा, असा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. कृपा करून तसं करू नका. पीळ बेडमध्ये तसाच राहतो आणि फेसिंग सपाट येईनासं होतं, म्हणजे एकाचे दोन दोष होतात. बेड सरळ झाल्याची खात्री पटेपर्यंत हेडस्टॉकला हात नको.

पंधरा दिवसांनी बोल्ट आणि लेव्हल पुन्हा तपासा. लेथ लाकडी बेंचवर असेल तर पावसाळ्यात जास्त लक्ष ठेवा, कारण लाकूड फुगतं आणि सगळी मेहनत वाया जाते. दोन कॉलरचा रॉड तेल लावून जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक तपासणीला तोच वापरता येईल. टेलस्टॉक अजून जुळवलेला नाही, आणि बेड सरळ होण्याआधी तो जुळवण्यात अर्थही नव्हता. पुढच्या आठवड्यात दोन सेंटरमध्ये जॉब धरून ते काम करू.