पावलांचे पॉइंट, ग्रुपमधला नंबर आणि तुमची तब्येत

तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर फिरायला जाणाऱ्या अनेकांच्या मोबाइलमध्ये आता पावलं मोजणारं ॲप असतं. सोसायटीचा किंवा नातेवाइकांचा ग्रुप असतो, रोज पॉइंट मिळतात आणि कोण कितव्या नंबरवर आहे ते सगळ्यांना दिसतं. याचा तब्येतीला फायदा होतो का?

पॉइंटमुळे माणूस जास्त चालतो का?

हो. अमेरिकेत वजन जास्त असलेल्या ६०२ नोकरदारांवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने आधी आपली नेहमीची पावलं मोजून स्वतःचं उद्दिष्ट ठरवलं. खेळातल्या गटांना दर आठवड्याला सुरुवातीलाच ७० पॉइंट दिले जात. उद्दिष्ट चुकेल त्या दिवशी १० कापले जात. २४ आठवडे हे गट इतरांपेक्षा जास्त चालले. आपसांत स्पर्धा करणारे तर रोज सरासरी ९०० पावलं जास्त. खेळ संपल्यावर पुढच्या १२ आठवड्यांत ठळक फायदा टिकला तो फक्त स्पर्धेच्या गटात.

हातातले पॉइंट जाऊ नयेत, ही ओढ माणसाला घराबाहेर काढते. पण आजारी असतानाही ती सुटत नाही, आणि तिथे अडचण सुरू होते.

त्रास कोणाला होऊ शकतो?

- ताप असताना: डेंग्यूसारख्या आजारात विश्रांती आणि पुरेसं पाणी लागतं. पावलं पुरी करायची ही वेळ नाही.
- जुना मधुमेह: पायाची संवेदना कमी झाली असेल तर फोड आलेला कळत नाही आणि त्याची जखम होते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर अचानक जास्त चालल्याने साखर फार खाली जाऊ शकते.
- गुडघेदुखी: एकदम दुप्पट चालल्याने दुखणं वाढतं.
- यादीत कायम शेवटी असणारे: सत्तरीच्या आजी आणि तिशीतला नातू एकाच यादीत असले, तर आजी हिरमुसून चालणंच सोडू शकतात.

दहा हजार पावलं हवीतच का?

नाही. हा आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. सरासरी ७२ वर्षं वयाच्या स्त्रियांच्या एका अभ्यासात, रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. साधारण ७,५०० नंतर फायदा आणखी वाढला नाही.

ग्रुपमध्ये हे नियम ठेवा

- तुलना स्वतःच्या मागच्या आठवड्याशी करा. सुरुवातीला रोज ५०० ते १,००० पावलं वाढवणं पुरे.
- आजारपणाच्या दिवशी कोणाचेही पॉइंट कापू नका.
- पावलांच्या बेरजेपेक्षा किती दिवस चाललात ते मोजा.
- मधुमेह असेल तर चालून आल्यावर दोन्ही तळपाय बघा.

लगेच थांबा

छातीत दाब, हात किंवा जबड्यात कळ, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप जाणवली तर तिथेच थांबा. काही मिनिटांत बरं वाटलं नाही तर १०८ ला फोन करा. बरं वाटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गेलेले पॉइंट पुढच्या आठवड्यात परत मिळवता येतात.