खंजिरी, पेटी आणि हौसेचा गळा

परंपरा

कन्हान नदीकाठचे कामठी 1821 मध्ये स्थापन झालेल्या लष्करी छावणीभोवती वाढले. हा परिसर विदर्भातील खंजिरी भजनाच्या पट्ट्यात येतो. या भजनाला प्रतिष्ठा दिली ती राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (1909–1968). खंजिरी वाजवत स्वतः गाणे ही त्यांची ओळख होती. त्यांच्या प्रभावातून गावोगावी उभ्या राहिलेल्या भजनी मंडळांत गायक आणि वादक बहुतांशी हौशीच असतात. ते शिकतात ते वर्गात नव्हे, तर जाणत्याच्या शेजारी बसून.

खंजिरीची घडण

लाकडी कड्याच्या एका बाजूला चामडे मढवलेले असते आणि कड्याच्या खाचांत पितळी चकत्या बसवलेल्या असतात. एका हाताने ती धरायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी थाप द्यायची. चामडे हवेतील ओल शोषते, म्हणून पावसाळ्यात नाद बसका होतो. उन्हात ठेवले किंवा शेकले की ते पुन्हा ताणते. वाद्य लहान असल्याने गाणाऱ्यालाच ते वाजवता येते. त्यामुळे ताल आणि शब्द एकाच शरीरात एकत्र मुरतात, आणि स्वयंशिक्षणासाठी हा फार मोठा लाभ आहे. आठ मात्रांचा कहरवा आणि सहा मात्रांचा दादरा एवढ्या सामग्रीवर पुष्कळ भजने गाता येतात.

पेटीचे काम

खंजिरी ताल देते, सूर देत नाही. तो पेटीतून येतो. भात्याची हवा धातूच्या पातळ जिभांना (रीड) कंपित करते आणि पट्टी दाबताच ठरलेला स्वर उमटतो. स्वर आयता मिळत असल्याने गुरूविना शिकणाऱ्याला पेटी जवळची वाटते. मात्र तिची खोट याच सोयीत आहे. शुद्ध गांधाराची कंपनसंख्या षड्जाच्या सव्वापट असते. पेटीचे बारा स्वर समान अंतरावर लावलेले असल्याने तिचा गांधार त्याहून सुमारे 14 सेंट चढा लागतो. शिवाय तिच्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे, घेता येत नाही. 1940 मध्ये आकाशवाणीने पेटीवर घातलेल्या आणि सुमारे तीन दशके टिकलेल्या बंदीमागे असेच आक्षेप होते. सामूहिक भजनात हा फरक फारसा जाणवत नाही. एकट्याने रागाचा रियाज करताना मात्र तानपुराच हवा.

पट्टीची निवड

गळ्याचे सर्वाधिक नुकसान पट्टीच्या, म्हणजे गाण्याच्या आधारस्वराच्या, चुकीच्या निवडीने होते. मंडळात मुख्य गायकाची पट्टी सर्वांना पाळावी लागते. पुरुषांना सामान्यतः काळी एक ते काळी दोन आणि स्त्रियांना काळी चार-पाचच्या आसपासची पट्टी सोयीची असते. परक्या पट्टीत ओढून गायल्यास स्वरतंतूंवर ताण येतो. आवाज बसला की विश्रांती हाच उपाय. खाकरून गात राहिल्याने इजा वाढते.

स्वयंशिक्षणाची मर्यादा

ताल चुकला तर सोबतचे लगेच थांबवतात, पण बेसूरपणा गाणाऱ्याला स्वतःला ऐकू येत नाही. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ते दुसऱ्या दिवशी ऐकणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. श्वासाची आणि आवाज लावण्याची पद्धत मात्र पुस्तकातून किंवा चित्रफितीतून पुरती उमगत नाही. तेवढ्यापुरते तरी जाणत्याकडे जावेच लागते.